बुलेट ट्रेनच्या नकाशात बेळगाव-निपाणी नाही. मग सीमाभागाला वेग मिळणार कुठून?

बेळगाव : केंद्र सरकारने २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात सात हायस्पीड रेल्वे मार्ग जाहीर केले. मुंबई-पुणे, पुणे-हैदराबाद, हैदराबाद-बेंगळूर, हैदराबाद-चेन्नई, चेन्नई-बेंगळूर, दिल्ली-वाराणसी आणि वाराणसी-सिलिगुडी असे हे मार्ग आहेत. नकाशावर बोट फिरवून पाहिले की एक गोष्ट लगेच दिसते. पुण्याहून बेंगळूरकडे जाणारी ही रेघ सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, धारवाड अशी महामार्गाच्या वाटेने खाली उतरत नाही. ती पुण्यातून पूर्वेला हैदराबादला जाते आणि तिथून बेंगळूरला येते. मधला सगळा पट्टा बाजूलाच राहतो.

त्यामुळे 'आपल्याकडे बुलेट ट्रेन कधी येणार' या प्रश्नाचे आजचे उत्तर सरळ आहे. जाहीर यादीत ती नाही. पण सीमाभागातील प्रवाशाचा वेळ वाचण्याचा मार्ग एवढ्यावर बंद होत नाही. बुलेट ट्रेन ज्या देशातून आली त्या जपाननेही लहान शहरे जोडताना प्रत्येक ठिकाणी ताशी ३०० किलोमीटरचा हट्ट धरलेला नाही. कुठे जुनाच रूळ रुंद केला, कुठे ६६ किलोमीटरचा छोटा तुकडा बांधला, तर कुठे एका जिल्ह्याने नकार दिल्यामुळे काम वर्षानुवर्षे अडून राहिले. बेळगाव-धारवाड नवा मार्ग, निपाणीची रखडलेली मागणी आणि मिरजेतला गाडीबदल या तिन्ही प्रश्नांकडे त्या अनुभवाच्या शेजारी ठेवून पाहिले तर चित्र बरेच स्पष्ट होते.

हायस्पीड म्हणजे नेमके किती?

आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेच्या व्याख्येप्रमाणे नव्याने बांधलेल्या मार्गावर ताशी २५० किलोमीटर किंवा त्याहून जास्त, आणि जुना मार्ग सुधारून ताशी साधारण २०० किलोमीटर वेग मिळत असेल तर त्याला हायस्पीड म्हणतात. या हिशेबाने भारतात आज एकही हायस्पीड मार्ग सुरू नाही. मुंबई-अहमदाबाद मार्गाचे काम चालू आहे. वंदे भारत ही गाडी वेगाने धावू शकते, पण ती जुन्याच रुळांवरून जाते. रूळ, वळणे आणि सिग्नल जेवढी परवानगी देतील तेवढाच तिचा वेग.

मुंबई-अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरचा आहे. जपानचे तत्कालीन पंतप्रधान शिंझो आबे आणि पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते १४ सप्टेंबर २०१७ रोजी त्याची पायाभरणी झाली. बारा स्थानके, ताशी ३२० किलोमीटरचा वेग आणि सुरुवातीचा अंदाजित खर्च सुमारे १ लाख ८ हजार कोटी रुपये. त्यातला ८१ टक्के भाग जपानकडून ५० वर्षांच्या मुदतीचे आणि ०.१ टक्का व्याजाचे कर्ज म्हणून देण्याचे ठरले. महाराष्ट्रात या मार्गाची लांबी सुमारे १५६ किलोमीटर असून मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरचा बोगदा आहे. त्यातील सात किलोमीटर ठाणे खाडीखालून जातात.

आणखी एक बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. बुलेट ट्रेनचे रूळ १,४३५ मिलिमीटर रुंदीचे आहेत, तर आपल्याकडचे ब्रॉडगेज रूळ १,६७६ मिलिमीटरचे. म्हणजे उद्या मुंबई-पुणे हायस्पीड मार्ग याच रुंदीचा झाला, तरी ती गाडी पुण्यातून पुढे मिरज-बेळगावच्या रुळावर उतरू शकणार नाही. सीमाभागातील प्रवाशाला पुण्यात गाडी बदलावीच लागेल.

आज हातात काय आहे?

पुणे-मिरज-बेळगाव-लोंढा हा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेने मीटरगेजवर बांधला. मिरजेच्या दक्षिणेचा भाग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. पुणे-मिरज-लोंढा या ४६७ किलोमीटरच्या दुपदरीकरणाला २०१५-१६ मध्ये मंजुरी मिळाली आणि पाठोपाठ विद्युतीकरणही झाले. एकेरी मार्गावर समोरच्या गाडीसाठी क्रॉसिंगला ताटकळत बसणे हा या मार्गावरच्या प्रवाशांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. तो कमी झाला, हा गेल्या दहा वर्षांतला सर्वात मोठा बदल मानायला हवा.

त्यावर दोन वंदे भारत आल्या. हुबळी-पुणे गाडी सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. ५५८ किलोमीटरला सुमारे साडेआठ तास, म्हणजे सरासरी वेग ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास. ही गाडी आठवड्यातून तीन दिवस धावते, कारण तोच डब्यांचा संच कोल्हापूर-पुणे वंदे भारतसाठीही वापरण्याची आखणी झाली. हुबळीहून दुपारी पुण्यात पोहोचलेली गाडी तिथून कोल्हापूरला जाते आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूरहून परत येऊन हुबळीकडे निघते. एका गाडीचे दोन राज्यांत असे वाटे झाले आहेत.

दुसरी बेळगाव-बेंगळूर वंदे भारत १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाली. त्याआधी जून २०२३ मध्ये बेंगळूर-धारवाड वंदे भारत आली होती. ती बेळगावपर्यंत वाढवावी ही मागणी बराच काळ चालली, चाचणीही झाली, पण गाडी धारवाडलाच थांबत राहिली. शेवटी बेळगावसाठी वेगळी गाडी मिळाली. ६११ किलोमीटर, सुमारे साडेआठ तास, सरासरी ताशी ७२ किलोमीटर.

गाडी नवी आणि चकचकीत आहे, डबे थंडगार आहेत, पण सरासरी वेग सत्तरीच्या आतबाहेरच घुटमळतो. त्याचे एक मोठे कारण बेळगाव आणि धारवाडच्या मध्येच आहे.

बेळगाव-धारवाड : ७३ विरुद्ध १२१

बेळगावहून धारवाडला जाणारी रेल्वे आधी दक्षिणेला खानापूर आणि लोंढ्याच्या जंगलात शिरते, तिथून वळून अळणावरमार्गे पूर्वेला धारवाडकडे येते. हा मार्ग बांधला गेला तेव्हा लोंढ्याहून गोव्याकडे, मुरगाव बंदराकडे जाणारी रेल्वे महत्त्वाची होती. म्हणून सगळे रूळ लोंढ्याला एकत्र आले. त्या काळाच्या व्यापाराला ते सोयीचे होते. आज मात्र बेळगावच्या प्रवाशाला धारवाड गाठायला १२१ किलोमीटरचा फेरा पडतो. महामार्गाने हेच अंतर ८० किलोमीटरच्या आत आहे. रेल्वेला दोन-अडीच तास आणि एसटीला दीड तास लागत असेल तर माणूस एसटीच धरणार.

यावर तोडगा म्हणून कित्तूरमार्गे थेट मार्गाची मागणी अनेक वर्षे होत होती. बेळगावचे खासदार सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री असताना २०२० मध्ये या प्रकल्पाला गती मिळाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचे कोरोनाने निधन झाले. प्रकल्पाची लांबी सुमारे ७३ किलोमीटर, अंदाजित खर्च सुमारे ९२७ कोटी रुपये. खर्चाचा निम्मा वाटा कर्नाटक सरकारचा आणि जमीनही राज्याने मोफत द्यायची, असे सूत्र ठरले. मार्ग बेळगावजवळच्या देसूरपासून फुटून के. के. कोप्प, कित्तूर करत धारवाडकडे जातो.

साधा हिशेब करून पाहू. ४८ किलोमीटर वाचतात. ताशी ६५ किलोमीटरच्या आजच्याच सरासरीने धरले तरी एका फेरीत पाऊण तास वाचतो. घाटातली वळणे टळल्यामुळे त्याहूनही जास्त वाचेल. गाडीचा वेग एक किलोमीटरनेही न वाढवता हा फायदा मिळतो. खर्चाकडे पाहिले तर मुंबई-अहमदाबाद मार्गाला मूळ अंदाजाप्रमाणे किलोमीटरमागे सुमारे २१३ कोटी रुपये लागतात, बेळगाव-धारवाडला १३ कोटींच्या आत. म्हणजे एका किलोमीटर बुलेट ट्रेनच्या पैशात असा सोळा-सतरा किलोमीटर मार्ग होतो. अर्थात दोन्ही प्रकल्पांचे खर्च उशिरानुसार वाढत जातात.

मग अडले कुठे? जमिनीवर. देसूर, गर्लगुंजी, नंदिहळ्ळी परिसरातील शेतकऱ्यांनी या आखणीला विरोध केला. सुपीक, पिकाखालची जमीन जाते, आधीच जमीन थोडी, तिचेही तुकडे पडतात, ही त्यांची तक्रार. मार्ग थोडा सरकवून माळरानाच्या, कमी कसाच्या जमिनीतून न्यावा, असा पर्यायही त्यांनी पुढे केला. बेळगावच्या आसपास विमानतळ, महामार्ग, बायपास, रिंगरोड अशा प्रत्येक कामासाठी याच पट्ट्यातल्या गावांकडे बोट दाखवले जाते. त्यामुळे या विरोधाकडे 'विकासाला आडकाठी' म्हणून पाहणे सोपे असले तरी न्याय्य नाही. ज्याची चार एकर जाते त्याला पाऊण तासाचा हिशेब वेगळा दिसतो.

खानापूर, लोंढा, अळणावरचे काय होणार?

या प्रकल्पाचा एक परिणाम अजून फारसा बोलला जात नाही. नवा मार्ग देसूरहून फुटणार, आणि देसूर बेळगाव व खानापूरच्या मध्ये आहे. म्हणजे बेळगावहून हुबळी-बेंगळूरकडे जाणारी गाडी नव्या मार्गाने गेली तर ती खानापूर, लोंढा आणि अळणावर या तिन्ही स्थानकांना शिवणार नाही. मराठीबहुल खानापूर तालुक्याला आज दारात थांबणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी काही गाड्या उद्या बेळगावला येऊन धराव्या लागतील.

जपानमध्ये नेमका हाच प्रश्न कायद्यात आणि कागदावर सोडवावा लागला. तिथे १९६४ मध्ये टोकियो-ओसाका ही पहिली शिंकान्सेन सुरू झाली. पुढे १९७० च्या कायद्यानुसार १९७३ मध्ये प्रादेशिक शहरांना जोडणारे पाच मार्ग ठरले. होक्काइडो, तोहोकू, होकुरिकू आणि क्यूशूतील दोन. या मार्गांसाठी पुढे असा नियम रूढ झाला की नवा शिंकान्सेन मार्ग सुरू झाला की त्याला समांतर असलेला जुना मार्ग रेल्वे कंपनी सोडून देऊ शकते. मग तो जुना मार्ग तिथल्या प्रांताने आणि नगरपालिकांनी मिळून काढलेली कंपनी चालवते. म्हणजे मोठ्या शहराला वेगवान गाडी मिळते आणि मधल्या गावांची पॅसेंजर चालवायचा बोजा स्थानिक तिजोरीवर येतो. होकुरिकू मार्ग १६ मार्च २०२४ रोजी कानाझावाहून त्सुरुगापर्यंत वाढला, तेव्हा फुकुई प्रांतातील जुना मार्ग असाच स्थानिक कंपनीकडे गेला.

या नियमाबद्दल जपानमध्येही नाराजी आहे. पण एक गोष्ट चांगली झाली. जुन्या मार्गाचे काय करायचे हा प्रश्न नवा मार्ग मंजूर करतानाच टेबलावर येतो. प्रांताची संमती घ्यावी लागते. खानापूर-लोंढा-अळणावरच्या बाबतीत तशी चर्चा आतापासूनच व्हायला हवी. गोव्याकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी आणि मालवाहतुकीसाठी लोंढा मार्ग चालूच राहणार, यात शंका नाही. पण बेळगाव-लोंढा-हुबळी पॅसेंजर किती राहतील, बेंगळूरच्या कोणत्या गाड्या जुन्याच वाटेने जातील, याचे लेखी उत्तर तालुक्याने आधी मागून घेणे शहाणपणाचे. मार्ग सुरू झाल्यावर वेळापत्रक बदलून घ्यायला फार हेलपाटे मारावे लागतात.

निपाणी : महामार्ग दारात, रेल्वे चाळीस किलोमीटरवर

निपाणीची गोष्ट वेगळी. तंबाखू आणि विडीच्या व्यापाराने नावारूपाला आलेले हे शहर पुणे-बेंगळूर महामार्गावर आहे, पण शहराला रेल्वे नाही. लांबची गाडी धरायची तर सुमारे ४० किलोमीटरवरचे कोल्हापूर, नाहीतर सुमारे ७५ किलोमीटरवरचे बेळगाव. तालुक्याच्या पूर्वेला चिकोडी रोड नावाचे स्थानक आहे, पण नावात चिकोडी असले तरी ते चिकोडी शहरापासून बरेच दूर, रायबागच्या बाजूला आहे. संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, चंदगड या सगळ्या पट्ट्याची हीच अवस्था. ऊस, गूळ, काजू, तंबाखू असा माल इथून निघतो आणि सगळा ट्रकने जातो.

कोल्हापूरहून बेळगावला रेल्वेने जायचे तर आधी पूर्वेला मिरज, मग तिथून दक्षिणेला कुडची, रायबाग, घटप्रभा करत बेळगाव. अंतर १८५ किलोमीटरच्या घरात. महामार्गाने हेच ११० किलोमीटर. कोल्हापूर-निपाणी-संकेश्वर-बेळगाव असा थेट मार्ग व्हावा ही मागणी त्यामुळेच जुनी आहे. निवडणूक आली की सर्वेक्षणाची चर्चा होते, नंतर ती विरते.

रस्ता दारात आहे म्हणून रेल्वेची गरज नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याने डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५ आठवावे. दोन्ही वेळा सीमाप्रश्नावरून वातावरण तापले आणि दोन्ही राज्यांच्या बस काही काळ थांबल्या. कोगनोळीच्या पलीकडे दवाखान्याला, कॉलेजला, कोर्टाला जाणाऱ्यांचे हाल झाले. निपाणीचा माणूस कोल्हापूरला रोज जातो. त्याच्याकडे बस थांबली की दुसरा पर्याय नसतो. बेळगाव-मिरज मार्गावरच्या माणसाला निदान रेल्वे तरी असते.

एका प्रांताने 'नको' म्हटले तर

निपाणी मार्गाची खरी अडचण समजून घ्यायची तर जपानमधील नागासाकीचे उदाहरण पाहावे. क्यूशू बेटावर हाकाता (फुकुओका शहर) ते नागासाकी असा शिंकान्सेन मार्ग करायचा होता. वाटेत सागा नावाचा छोटा प्रांत लागतो. नागासाकीच्या बाजूचा ताकेओ-ओनसेन ते नागासाकी हा ६६ किलोमीटरचा तुकडा बांधून झाला आणि २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरूही झाला. गाडी हे अंतर सुमारे २३ मिनिटांत कापते. पण हा तुकडा बाकीच्या शिंकान्सेन जाळ्याला जोडलेलाच नाही. हाकाताहून निघालेला प्रवासी जुन्या मार्गाच्या एक्स्प्रेसने ताकेओ-ओनसेनला येतो, त्याच फलाटावर समोर उभ्या असलेल्या शिंकान्सेनमध्ये बसतो आणि नागासाकीला जातो. तरीही पूर्वीपेक्षा सुमारे अर्धा तास वाचतो.

मधला भाग का झाला नाही? कारण सागा प्रांताला तो परवडणारा वाटला नाही. सागाहून हाकाताला आजही एक्स्प्रेसने साधारण चाळीस मिनिटे लागतात. नवा मार्ग झाला तर मोजकीच मिनिटे वाचतील, पण खर्चाचा वाटा मोठा येईल आणि जुन्या मार्गावरच्या गाड्या कमी होण्याची भीती वेगळी. जपानमध्ये अशा मार्गाच्या खर्चातून रेल्वे कंपनीकडून मिळणारे भाडे वजा केले की उरलेल्या रकमेपैकी दोन तृतीयांश केंद्र आणि एक तृतीयांश स्थानिक प्रांत भरतो. फायदा नागासाकीचा, जमीन आणि पैसे सागाचे, असा तो पेच आहे. दोन्ही रुळांवर चालणारी गाडी बनवून पेच सोडवण्याचा प्रयत्न झाला, पण ती योजना २०१८ मध्ये सोडून द्यावी लागली.

कोल्हापूर-निपाणी-बेळगाव मार्गावर असाच पेच पडू शकतो. कोल्हापूर ते कागलचा तुकडा महाराष्ट्रात, कोगनोळीपुढचा कर्नाटकात. कर्नाटकात नव्या मार्गांना निम्मा खर्च आणि जमीन राज्याने देण्याची पद्धत रुळली आहे. महाराष्ट्राने आपल्या हद्दीतील छोट्या तुकड्यासाठी तसेच पैसे टाकायला हवेत. एका राज्याने आपला भाग पुरा केला आणि दुसऱ्याने हात आखडता घेतला, तर तयार झालेले रूळ सीमेवर येऊन संपतील. दोन राज्यांचा लेखी करार झाल्याशिवाय नुसत्या सर्वेक्षणाला अर्थ नाही.

पैसा आणि जमीन हे दोन्ही वेळेवर न मिळाल्याने काय होते याचे उदाहरण शेजारीच आहे. बागलकोट-कुडची हा १४२ किलोमीटरचा मार्ग २०१०-११ मध्ये मंजूर झाला. तोही निम्म्या खर्चाच्या सूत्रावरच. दीड दशक झाले, टप्प्याटप्प्याने काम पुढे सरकते आहे. महाराष्ट्राच्या बाजूला कोल्हापूर-वैभववाडी हा सुमारे १०७ किलोमीटरचा घाटमार्ग २०१६-१७ मध्ये मंजूर झाला, तो तर कागदावरून जमिनीवर यायचाच आहे.

ताशी १३० पुरेसा आहे का?

जपानचा आणखी एक प्रयोग सीमाभागाला जवळचा वाटावा असा आहे. यामागाता (१९९२) आणि आकिता (१९९७) या दोन शहरांना मुख्य शिंकान्सेन मार्गावरून थेट गाडी हवी होती. नवा उन्नत मार्ग बांधणे महाग पडले असते. म्हणून जुन्या १,०६७ मिलिमीटरच्या रुळाची रुंदी वाढवून १,४३५ केली आणि त्याच वाटेने, त्याच स्थानकांतून, लेव्हल क्रॉसिंगसकट शिंकान्सेन नेली. या भागात गाडी ताशी १३० किलोमीटरच्या पुढे जात नाही. मुख्य मार्गाला लागली की मगच खरी धावते. तरीही लोकांनी ती स्वीकारली, कारण टोकियोला जाताना गाडी बदलण्याचा त्रास संपला आणि स्थानक शहराच्या मधोमधच राहिले.

ताशी १३० हा वेग आपल्याकडे स्वप्नातला नाही. देशातील अनेक मार्गांवर तो मिळतो आहे. पुणे-मिरज-बेळगाव मार्ग दुपदरी आणि विजेचा झाला असताना वळणे सौम्य करणे, फाटके काढून भुयारी मार्ग करणे, सिग्नल सुधारणे आणि रुळाला कुंपण घालणे, एवढी कामे केली तर सरासरी वाढू शकते. यासाठी नवी जमीन फारशी लागत नाही.

स्थानक कुठे आहे हा मुद्दाही तितकाच मोलाचा. होक्काइडोची शिंकान्सेन २०१६ मध्ये सुरू झाली. तिचे टोकाचे स्थानक हाकोदाते शहरापासून सुमारे १८ किलोमीटर दूर आहे. म्हणून तिथे शिंकान्सेनच्या वेळा धरून सुटणारी वीस मिनिटांची जोडगाडी ठेवावी लागली. ती जोडगाडी नसती तर वेगवान गाडीने वाचवलेला वेळ रिक्षा-टॅक्सी शोधण्यातच गेला असता. चिकोडी रोडवर उतरून चिकोडीची बस पाहत उभा राहणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. कित्तूरचे नवे स्थानक गावापासून किती अंतरावर होते, यावर त्या स्थानकाचे नशीब ठरेल.

मिरजेचा सांधा

त्सुरुगापर्यंत शिंकान्सेन आल्यावर एक उलटाच परिणाम झाला. टोकियोची बाजू जवळ आली, पण ओसाकाहून कानाझावाला पूर्वी थेट जाणारी एक्स्प्रेस आता त्सुरुगालाच संपते. ओसाकाच्या प्रवाशाला तिथे उतरून, जिने चढून दुसरी गाडी धरावी लागते. वेळ वाचला, पण गाडीबदल वाढला.

सीमाभागाचे त्सुरुगा म्हणजे मिरज. मिरजेच्या उत्तरेचा मार्ग मध्य रेल्वेच्या पुणे विभागात, दक्षिणेचा दक्षिण-पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागात. राज्याची सीमा आणि रेल्वे विभागाची सीमा जवळपास एकाच ठिकाणी येते. पुण्याचे अधिकारी आपली गाडी मिरजेपर्यंत पाहतात, हुबळीचे आपली. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पूर्वी कोल्हापूरपर्यंत येत होती, ती मिरजेपर्यंत आखूड झाली आणि नंतर सांगलीपर्यंत वाढली. कोल्हापूर-बेळगाव थेट प्रवासाला तिरुपतीची हरिप्रिया एक्स्प्रेस आहे, पण रोजच्या ये-जा करणाऱ्याच्या वेळेची ती नाही. सकाळी बेळगावहून निघून दहाच्या आत कोल्हापूर आणि संध्याकाळी परत, अशी गाडी असेल तर विद्यार्थी, रुग्ण, व्यापारी, वकील यांची मोठी सोय होईल. तिच्यासाठी एक इंचही जमीन लागणार नाही. लागेल ती दोन विभागांनी एका टेबलावर बसून केलेली आखणी, नाहीतर मिरजेत दहा-पंधरा मिनिटांत त्याच फलाटावर मिळणारी जोडगाडी.

पुढची घोषणा वाचताना

रेल्वेची कोणतीही घोषणा आली की ती कोणत्या पायरीवर आहे हे आधी पाहावे. पायऱ्या साधारण अशा :

१. प्राथमिक सर्वेक्षण. याचा अर्थ मार्ग मंजूर झाला असा नाही.
२. अंतिम स्थान सर्वेक्षण आणि सविस्तर प्रकल्प अहवाल. इथे आखणी, गावे आणि खर्च ठरतो. शेतकऱ्यांनी हरकत आणि पर्याय याच टप्प्यावर मांडलेले बरे.
३. मंजुरी आणि 'पिंक बुक'मधील तरतूद. रेल्वेच्या या पुस्तकात प्रकल्पासमोर किती रक्कम आहे ते पाहावे. कधी कधी तिथे एक हजार रुपयांचा नाममात्र आकडा असतो. तो असेल तर त्या वर्षी काम होणार नाही हे समजावे.
४. राज्याचा वाटा. राज्याच्या अर्थसंकल्पात तेवढीच रक्कम आहे का?
५. भूसंपादन. किती जमीन प्रत्यक्ष ताब्यात आली आणि किती लोकांच्या खात्यात पैसे जमा झाले?
६. निविदा, काम आणि शेवटी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी. त्यांनी हिरवा कंदील दाखवल्यावरच प्रवासी गाडी धावते.

बेळगाव-कित्तूर-धारवाड मार्ग यातील पाचव्या पायरीशी झगडतो आहे. कोल्हापूर-निपाणी-बेळगाव पहिल्या दोन पायऱ्यांच्या आसपास घुटमळतो. हायस्पीड मार्गाच्या यादीत तर हा पट्टा नाहीच. म्हणून येत्या काळात बेळगाव, निपाणी, खानापूर आणि चिकोडीच्या लोकप्रतिनिधींना विचारायचे प्रश्न मोजके आहेत. देसूर-गर्लगुंजीच्या शेतकऱ्यांच्या पर्यायी आखणीवर तांत्रिक उत्तर काय? नव्या मार्गानंतर खानापूर-लोंढ्याला किती गाड्या राहणार? निपाणी मार्गासाठी दोन्ही राज्ये लेखी हमी देणार का? आणि कोल्हापूर-बेळगाव सकाळची गाडी कोणत्या वेळापत्रकात बसणार? यातल्या शेवटच्या प्रश्नाला ना कोटींचा निधी लागतो ना भूसंपादन. त्यामुळे त्याचे उत्तर सर्वात आधी मिळायला हरकत नाही.